पोर्ट ६२३ चा पाकीटमार

बीएमसी म्हटलं की मुंबईच्या माणसाला महापालिका आठवते, खड्डे, पाणीकपात, मालमत्ता कर वगैरे. सर्व्हर सांभाळणाऱ्यांची बीएमसी वेगळी. बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजे सर्व्हरच्या मदरबोर्डवर बसवलेला एक छोटासा स्वतंत्र कॉम्प्युटर, त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, फर्मवेअर वेगळं, आणि सर्व्हर बंद असला तरी नुसती पॉवर केबल लावलेली असली की हा आपला जागाच. रात्री दोन वाजता सर्व्हर लटकला तर गाडी काढून डेटा सेंटरला पळायच्या ऐवजी घरी पांघरुणात बसूनच मशीन बंद-चालू करता येतं ते याच्यामुळे. डेलवाले याला आयड्रॅक म्हणतात, एचपीवाले आयएलओ, लेनोवोवाले एक्सक्लॅरिटी कंट्रोलर, आणि सुपरमायक्रोच्या बोर्डवर लोक सरळ आयपीएमआय म्हणून मोकळे होतात.

आयपीएमआय ही खरंतर त्याच्याशी बोलायची भाषा. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून १९९८ मधे पहिली आवृत्ती काढली, २००४ मधे २.० आली आणि ती अजून चालूच आहे. नेटवर्कवरून ही भाषा बोलायची तर यूडीपी पोर्ट ६२३. पोर्ट म्हणजे आलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, मशीनवरच्या कुठल्या प्रोग्रॅमचं आहे ते सांगणारा नंबर, आणि यूडीपी, टीसीपी या पॅकेट पाठवायच्या दोन पद्धती. त्याचाच एक भाऊ आहे ६६४, सुरक्षित आवृत्तीसाठी ठेवलेला. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड यांचीच आहे.

आता बीएमसीला नेटवर्कची वायर कुठून मिळते ते बघू, कारण भांडणाचं मूळ तिथे आहे. चांगल्या सर्व्हरला मागे एक वेगळा जॅक असतो, त्यावर पान्ह्याचं चित्र किंवा 'मॅनेजमेंट' असं लिहिलेलं असतं, तो फक्त बीएमसीचा. हा वापरला तर प्रश्नच नाही. पण वेगळा जॅक म्हणजे वेगळी केबल, स्विचवर वेगळं पोर्ट, आणि चाळीस सर्व्हर असतील तर चाळीस पोर्टांचा जास्तीचा स्विच, मग परचेसवाले विचारतात हे कशाला हवंय. म्हणून बोर्ड बनवणाऱ्यांनी दुसरी सोय दिली, सर्व्हरचंच नेटवर्क कार्ड बीएमसीनेही वापरायचं. एकच जॅक, एकच केबल, आत दोन मालक. कार्ड आणि बीएमसी यांच्यात बोर्डवरच एक मागची वाट असते आणि कार्डाला सांगून ठेवलेलं असतं की अमुक प्रकारचं पॅकेट आलं की ते वर ऑपरेटिंग सिस्टिमकडे पाठवू नकोस, मागच्या वाटेने बीएमसीला दे.

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यासमोर आणा. सेक्रेटरीने त्याला सांगून ठेवलंय, ६२३ नंबरचं जे काही कुरियर येईल ते वर पाठवायचं नाही, थेट ऑफिसात आणून द्यायचं. वॉचमन प्रामाणिक आहे, सांगितलं तसं करतो. भानगड तेव्हा होते जेव्हा वर राहणाऱ्या कुणालातरी हे माहीतच नसतं आणि तो पत्र पाठवताना मागे स्वतःचा पत्ता म्हणून ६२३ लिहितो. पत्र जातं बरोब्बर. समोरचा उत्तरही पाठवतो. उत्तर गेटवर येतं, वॉचमन ते ऑफिसात देतो, ऑफिसवाले म्हणतात हे आपलं नाही, आणि टोपलीत टाकतात. वरचा बिचारा वाट बघत बसतो.

नीट केलेल्या रचनेत वॉचमन नुसता फ्लॅट नंबर नाही, नावही बघतो. म्हणजे बीएमसीला स्वतःचा मॅक ॲड्रेस (कार्डाचा ओळख क्रमांक) आणि स्वतःचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) असतो आणि कार्ड आधी मॅक तपासतं, तो बीएमसीचा असेल तरच वळवतं. पण जुन्या बऱ्याच बोर्डांवर बीएमसी सर्व्हरचाच मॅक वापरायची, कधी कधी आयपीसुद्धा तोच, मग वेगळं काढायला हातात उरतो फक्त पोर्ट नंबर. आणि काही कार्डं तर मॅक वेगळा असूनही फक्त पोर्ट बघून पॅकेट उचलायची. डेस्कटॉप आणि लॅपटॉपमधलं इंटेलचं एएमटी, म्हणजे मशीन दुरून सांभाळायची सोय, तेसुद्धा याच जातीचं, वायरवर मशीनचाच आयपी वापरतं आणि १६९९२ ते १६९९५ शिवाय ६२३ आणि ६६४ वरही हक्क सांगतं. म्हणून हा फक्त मोठ्या सर्व्हरचा आजार आहे असं समजू नका.

यातली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट अशी की लिनक्स कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, यातलं काहीही माहीत नसतं. दोन प्रोग्रॅम एकाच पोर्टसाठी भांडले तर कर्नल मधे पडतो, पहिल्याला देतो आणि दुसऱ्याला 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणून हाकलतो, तुम्हाला लॉगमधे एरर दिसतो, तुम्ही दहा मिनिटात दुरुस्त करता. इथे भांडणारा एक जण कर्नलच्या खाली बसलाय. कर्नलच्या मते ६२३ रिकामा आहे, मागणाऱ्याला तो खुशाल देऊन टाकतो, एरर नाही, वॉर्निंग नाही, सगळं हिरवं. कुठला पोर्ट कुणाकडे ते दाखवणाऱ्या कमांड चालवा, नेटस्टॅट बघा, एसएस बघा, काही चुकीचं दिसणार नाही.

बरं, पण ६२३ मागायला जातं कोण? ॲपाचे ८० घेतो, डेटाबेसचे आपापले ठरलेले असतात, ६२३ कुणाच्या बापाने वापरला नाही. इथे येतात आरपीसीवाले, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या प्रोग्रॅमकडून नेटवर्कवरून काम करून घेणारे. एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरायला देणारी), एनआयएस (सगळ्या मशीनना युजरची यादी एका जागेवरून देणारी), आणि त्यांच्याबरोबर येणारी स्टॅटडी, माउंटडी, वायपीबाइंड ही सगळी मंडळी. यांची पद्धत अशी की पोर्ट ठरलेला नसतो, सुरू होताना जो मिळेल तो घ्यायचा आणि तो नंबर आरपीसीबाइंडकडे (जुन्या मशीनवर पोर्टमॅप) नोंदवायचा, जो १११ वर बसलेला असतो. कुणाला माउंटडी हवा असेल तर तो आधी १११ ला विचारतो, बाबा माउंटडी आज कुठे बसलाय, आणि मग तिकडे जातो.

'मिळेल तो' म्हणजे कुठलाही नाही. युनिक्समधे जुना समज आहे की १०२४ च्या खालचा पोर्ट फक्त रूटला, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी युजरला, घेता येतो, म्हणून खालच्या पोर्टवरून आलेली रिक्वेस्ट म्हणजे विश्वासाची. आज या समजाला फारसा अर्थ उरलेला नाही, कुणीही आपल्या लॅपटॉपवर रूट असतो, पण एनएफएस सर्व्हर अजूनही डीफॉल्टने क्लायंटचा पोर्ट १०२४ च्या खालचा आहे ना हे तपासतो. म्हणून आरपीसीची लायब्ररी रूट म्हणून चालत असेल तर खालचाच पोर्ट शोधते. हे काम करणारं फंक्शन आहे बाइंडरिझर्व्हपोर्ट, म्हणजे कोडमधे नाव थोडं आखूड आहे पण अर्थ तोच.

आणि ते पोर्ट कसं शोधतं हे वाचलं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. जीलिबसीमधे, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत, सरळ हिशोब आहे. ६०० ते १०२३ हे ४२४ पोर्ट. प्रोसेसचा नंबर घ्यायचा, म्हणजे पीआयडी, त्याला ४२४ ने भागायचं, जी बाकी उरेल ती ६०० मधे मिळवायची, तिथून सुरुवात. तो रिकामा असेल तर घ्यायचा, नसेल तर पुढचा. बस्स. म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमचा पीआयडी २३ असेल, किंवा ४४७, ८७१, १२९५, १७१९, म्हणजे ४२४ ने भागून २३ उरत असेल, तर तो थेट ६२३ वर जाऊन बसणार. आणि बाकी ६४ उरली, म्हणजे ४८८, ९१२, १३३६ असे पीआयडी, तर ६६४ वर. ४२४ पैकी २ जागा वाईट, म्हणजे २१२ वेळा प्रोग्रॅम चालवला तर सरासरी एकदा तो वॉचमनच्या तावडीत सापडणार. शेजारचा ६२२ आधीच कुणी घेतला असेल तर शक्यता अजून वाढते, कारण ढकलत ढकलत पुढच्यावर जातो.

हा २१२ चा आकडा मला पाठ आहे त्याला कारण आहे. पुण्यात एका ठिकाणी, नाव राहू दे, ३२ नोडचा एक क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारे ३२ सर्व्हर, सांभाळायला होता, सेंटओएस ५ या लिनक्सचा जमाना, लॉगिन एनआयएसवरून. प्रत्येक नोडवर रोज रात्री एक छोटा प्रोग्रॅम रूट म्हणून चालायचा, एनआयएसला युजरची माहिती विचारायचा आणि जुन्या फाइली साफ करायचा. आठवड्यातून साधारण एकदा कुठल्यातरी एका नोडवर तो अडकायचा. नोड दर वेळी वेगळा. मिनिटभर गप्प बसायचा, एरर देऊन पडायचा, आणि सकाळी येऊन हाताने चालवला की एकदम गुणी बाळासारखा चालायचा. आम्ही केबल बदलल्या, स्विचचे पोर्ट बदलले, एनआयएस सर्व्हरवर लोड येतो म्हणून दुसरा स्लेव्ह सर्व्हर लावला, एकाने तर क्रॉनची, म्हणजे प्रोग्रॅम आपोआप सुरू करणाऱ्याची, वेळ दोनवरून तीनवर नेली आणि पुढचे नऊ दिवस काही झालं नाही म्हणून पेढे मागितले. दहाव्या दिवशी परत.

३२ नोड, रात्री एकेकदा. २१२ भागिले ३२ केलं की साडेसहा येतात. आठवड्याला एक बळी, अगदी हिशोबात. पण हा हिशोब नंतरचा, तेव्हा आम्ही भुताटकीपर्यंत आलो होतो.

सुटलं कसं ते सांगतो कारण तुम्हाला संशय आला तर हीच पद्धत वापरता येईल. प्रोग्रॅम अडकलेला असतानाच एका नोडवर टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं टूल, लावायला मिळालं. रिक्वेस्ट जाताना दिसत होती, पुन्हा पुन्हा, उत्तर मात्र एकही नाही. साहजिक सगळे म्हणाले एनआयएस सर्व्हरच उत्तर देत नाहीये. एनआयएस सर्व्हरवर बघितलं तर तो इमानेइतबारे प्रत्येक रिक्वेस्टला उत्तर देत होता. मग स्विच. स्विचवर त्या नोडच्या पोर्टचा ट्रॅफिक दुसऱ्या पोर्टवर मिरर केला, तिथे लॅपटॉप लावला, आणि लॅपटॉपवर दिसलं की उत्तर स्विचमधून निघून नोडच्या केबलमधे जातंय. केबलमधे जातंय आणि नोडच्या आतल्या टीसीपीडंपला दिसत नाही. मधे फक्त एक गोष्ट उरते, नेटवर्क कार्ड. आणि रिक्वेस्ट पाठवणाऱ्याचा पोर्ट बघितला तर ६२३. तो आकडा कुठेतरी वाचलेला वाटला, एटीसीमधल्या (लिनक्सची सेटिंगची डिरेक्टरी, /etc) सर्व्हिसेस फाइलमधे शोधला, तिथे एएसएफ-आरएमसीपी असं नाव होतं, म्हणजे बीएमसीचीच भाषा. शेजारी बसलेला सहकारी इतकंच म्हणाला, "अरे हा तर पाकीटमार."

टीसीपीडंप आत का फसतो हे नीट समजून घ्या. टीसीपीडंप कर्नलकडून पॅकेटची कॉपी घेतो. जे पॅकेट कर्नलपर्यंत पोचलंच नाही त्याची कॉपी कुठून येणार. याच कारणाने फायरवॉलमधे ६२३ उघडून काही होत नाही, बंद करूनही काही होत नाही, आयपीटेबल्स, म्हणजे लिनक्सची फायरवॉल, तीही कर्नलमधेच राहते, कार्डाच्या वरच्या मजल्यावर. मी लोकांना फायरवॉलचे नियम तासभर घासताना बघितलंय, मी स्वतःही घासलेत.

अजून एक गंमत. हाच प्रोग्रॅम साध्या युजरने चालवला तर कधीच अडकत नाही, कारण साध्या युजरला १०२४ खालचा पोर्ट मिळतच नाही, त्याला वरचा कुठलातरी मिळतो आणि काम होतं. म्हणून "माझ्याकडे तर चालतंय" म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो. आणि रीबूट केलं की बरं होतं, कारण पीआयडी बदलतो. स्टॅटडीसारखी सर्व्हिस बूटच्या वेळी ६२३ वर बसली तर ती मशीन चालू असेपर्यंत तिथेच बसून राहते, मग महिनोनमहिने एनएफएसचं लॉकिंग विचित्र वागतं, आणि एक दिवस कुणीतरी कंटाळून रीबूट करतो आणि सगळं ठीक. रीबूट करून बरा होणारा आजार कुणी शोधत बसत नाही, म्हणूनच हा इतकी वर्षं लपून राहिला.

आता उपाय. इथे मला एसटी आठवते. गाडी स्टँडवर लागायच्या आधीच खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, बसलं कुणी नसलं तरी सीट धरलेली. पोर्टलाही हेच करायचं. एखादा प्रोग्रॅम लवकर उठवायचा, त्याने ६२३ आणि ६६४ धरून ठेवायचे आणि झोपायचं. त्याने काहीही काम करायचं नाही, पॅकेट तसंही त्याच्यापर्यंत येणार नाहीये. पण बाइंडरिझर्व्हपोर्ट त्या नंबरवर आला की कर्नल म्हणतो भरलंय, आणि तो मुकाट पुढच्या पोर्टवर जातो. म्हणजे ज्या गोष्टीची कर्नलला माहिती नव्हती ती आपण रुमाल टाकून त्याला सांगितली.

हा रुमाल टाकायचे मार्ग बरेच आहेत. आम्ही तेव्हा केला तो गावठी होता, एक्सआयनेटडीमधे (पोर्टवर ऐकून हवी ती सर्व्हिस उठवणारा प्रोग्रॅम) दोन खोट्या सर्व्हिस लिहिल्या, ६२३ आणि ६६४ वर ऐकणाऱ्या, आलेलं फेकून देणाऱ्या. आयपीएमआययूटिल नावाच्या टूलबरोबर याच कामाचा एक छोटा डीमन, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्रॅम, मिळतो, तो ६२३ धरतो आणि झोपी जातो, दुसरं काहीच करत नाही. रेड हॅट आणि फेडोरा या लिनक्सच्या घराण्यात पोर्टरिझर्व्ह नावाची सर्व्हिस आली, एटीसीमधे तिची एक डिरेक्टरी असते, त्यात प्रत्येक पोर्टसाठी एक फाइल टाकायची आणि फाइलमधे पोर्टचा नंबर आणि यूडीपी की टीसीपी एवढं लिहायचं. ती मुळात बीएमसीसाठी नव्हती, तिचा जन्म प्रिंटरच्या भांडणातून झाला, कप्स या प्रिंटिंग सर्व्हिसचा पोर्ट ६३१, तोसुद्धा ६०० ते १०२३ मधेच येतो, आणि बूटच्या वेळी एखादी आरपीसी सर्व्हिस तिथे जाऊन बसली की कप्स उठेचना. मेल सर्व्हरच्या ९९३ आणि ९९५ ची तीच कथा. फरक एवढाच की तिथे खरा मालक येतो आणि रुमाल उचलून स्वतः बसतो, त्यासाठी पोर्टरिझर्व्हबरोबर सोडायची एक कमांडही मिळते. बीएमसीच्या बाबतीत खरा मालक कर्नलमधे कधी येतच नाही, म्हणून रुमाल कायमचा पडून राहिला पाहिजे.

सिस्टिमडी (नव्या लिनक्समधे सर्व्हिस सुरू करणारी यंत्रणा) असेल तर सॉकेट युनिट लिहूनही जमतं, ६२३ वर यूडीपीने ऐकणारं, त्याच्या जोडीला त्याच नावाची एक नाममात्र सर्व्हिस. पण ते आरपीसीबाइंड आणि एनएफएसच्या मंडळींच्या आधी उठलं पाहिजे असं युनिटमधे स्पष्ट लिहायचं. गाडी भरल्यावर रुमाल टाकून उपयोग नाही. क्रम चुकला तर दहापैकी नऊ बूटमधे चालेल आणि दहाव्यात नाही, आणि तुम्ही परत भुताटकीकडे.

सुसे आणि डेबियनच्या घराण्यात अजून सुटसुटीत सोय आहे. त्यांच्या लायब्ररीत बाइंडरिझर्व्हपोर्टला एक काळी यादी वाचायला शिकवलंय, एटीसीमधे त्याच नावाची ब्लॅकलिस्ट फाइल, त्यात लिहिलेले नंबर ते फंक्शन सोडूनच देतं. झोपणारा डीमन नको, क्रमाची कटकट नको. मला विचाराल तर हाच खरा उपाय, रोगाच्या जागी औषध. फक्त एवढं बघा की तुमचा प्रोग्रॅम खरंच त्या लायब्ररीचं फंक्शन वापरतो का, कारण काही लोक स्वतःचं लूप लिहून खालचे पोर्ट शोधतात, त्यांना ही यादी दिसत नाही.

कर्नलच्या आतला एनएफएस क्लायंट हा असाच एक. तो जीलिबसी वापरत नाही, त्याची स्वतःची हद्द असते, किमान आणि कमाल पोर्ट, आणि किमान पोर्ट डीफॉल्टने आहे ६६५. हा विचित्र आकडा बघून कुणालाही वाटेल की ६५० किंवा ७०० का नाही. ६६४ च्या बरोबर पुढचा, यातच उत्तर आलं. कर्नलवाल्यांनी कुंपणच दोन्ही पोर्टांच्या पलीकडे घातलं. कुणाच्या मशीनवर हा आकडा बदलून खाली आणलेला असेल, म्हणजे खूप माउंट आहेत आणि पोर्ट पुरत नाहीत म्हणून एखाद्याने तो ५१२ वगैरे केलेला असेल, तर तो तपासा. तो बदल करणाऱ्याला पाकीटमाराची गोष्ट माहीत नसणार.

स्टॅटडी, माउंटडी आणि लॉकडी यांना तर नशिबावर सोडायचंच कारण नाही. एनएफएसच्या कॉन्फिग फाइलमधे तिघांनाही ठरलेला पोर्ट देता येतो, १०२४ च्या वरचा दिला तरी चालतो. फायरवॉल लिहायलाही त्याने सोपं जातं, बरेच जण त्यासाठीच करतात आणि पाकीटमारापासून फुकटात वाचतात.

एका सापळ्याबद्दल सांगायलाच हवं कारण यात हुशार माणसं फसतात. कर्नलमधे राखीव लोकल पोर्टची एक सेटिंग आहे, सिसकंट्रोलने बदलता येणारी, नाव ऐकून वाटतं की ६२३ तिथे टाकला की काम झालं. होत नाही. ती सेटिंग फक्त तेव्हा लागू होते जेव्हा प्रोग्रॅम म्हणतो मला कुठलाही पोर्ट दे आणि कर्नल स्वतः निवडतो. बाइंडरिझर्व्हपोर्ट 'कुठलाही' म्हणतच नाही, तो नाव घेऊन मागतो, ६२३ दे, नाहीतर ६२४ दे. नाव घेऊन मागितलं की कर्नल ती राखीव यादी बघत नाही. तसंच सर्व्हिसेस फाइलमधे ६२३ चं नाव लिहिलेलं आहे म्हणून तो राखीव होत नाही, ती नुसती टेलिफोन डिरेक्टरी आहे, त्यात नाव असलं म्हणून घर तुमच्या मालकीचं होत नाही.

हे सगळे रुमाल झाले. मूळ दुखणं काढायचं तर बीएमसीला तिचा वेगळा जॅक द्या आणि वेगळ्या व्हीलॅनमधे, म्हणजे स्विचवरच आखलेल्या वेगळ्या नेटवर्कमधे, टाका. हे फक्त पोर्टच्या भांडणासाठी नाही. आयपीएमआय २.० च्या लॉगिनमधेच एक खोट आहे, नुसतं युजरनेम माहीत असलं तरी बीएमसी पासवर्डचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला सांकेतिक आकडा, समोरच्याच्या हातात देते आणि तो घरी बसून फोडत बसू शकतो, २०१३ मधे अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सायबर सुरक्षा संस्थेने यावर इशारासुद्धा काढला होता. हे फर्मवेअर अपडेटने जात नाही कारण ते स्पेसिफिकेशनमधेच आहे. म्हणून ६२३ इंटरनेटवर उघडा ठेवणं म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवणं. हल्ली बीएमसी रेडफिश ही नवी भाषाही बोलते, २०१५ पासून, ती साध्या एचटीटीपीएसवर चालते, आणि ज्यांना जमतं ते लोक नेटवर्कवरचं आयपीएमआय बंदच करून टाकतात. बंद केलं तरी कार्डातला फिल्टर गेला का हे मात्र बोर्डवर अवलंबून, करून बघावं लागतं.

करून बघणं सोपं आहे. दोन मशीन घ्या. संशयित मशीनवर नेटकॅट लावून यूडीपी ६२३ वर ऐकत बसा, दुसऱ्यावरून तिकडे दोन अक्षरं पाठवा. दिसली तर वॉचमन नाही. नाही दिसली तर ६२२ वर तेच करा, तिथे दिसली की समजा गेटवर कुणीतरी उभा आहे. मग ६६४. मग हेच टीसीपीने, कारण काही कार्डं टीसीपीसुद्धा उचलतात. पाच मिनिटांचं काम आहे आणि नवीन मॉडेलचा सर्व्हर आला की मी हे आधी करतो, रॅकमधे चढवायच्या आधी. एकच काळजी घ्या, दोन्ही टोकं एकाच मशीनवर ठेवू नका, स्वतःलाच पाठवलेलं पॅकेट कार्डापर्यंत जातच नाही, आतल्या आत फिरतं आणि तुम्हाला वाटतं सगळं छान आहे. शेअर्ड जॅकवरच्या स्वतःच्याच बीएमसीला त्याच मशीनवरून नेटवर्कने पिंग केलं तर बहुतेकदा उत्तर येत नाही, त्याचं कारण वेगळं, गेटमधून बाहेर गेलेला माणूस गेटवरच मागे वळत नाही. त्याच मशीनवरून बीएमसीशी बोलायचं असेल तर आतला रस्ता आहे, लिनक्समधे आयपीएमआयचं डिव्हाइस दिसतं, आयपीएमआयटूल नेटवर्क न वापरता त्यातून बोलतं.

आणि 'आमच्याकडे वेगळा जॅक आहे, आम्हाला काही नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी. सुपरमायक्रोच्या बऱ्याच बोर्डांवर बीएमसीच्या लॅनचा डीफॉल्ट मोड असतो फेलओव्हर. म्हणजे वेगळ्या जॅकमधे केबल असेल तर तो वापर, नसेल तर चुपचाप सर्व्हरच्या पहिल्या जॅकवर ये. आता डेटा सेंटरमधे कुणी साफसफाई करताना ती मॅनेजमेंटची केबल काढली, किंवा मॅनेजमेंटचा स्विच बंद असताना लाइट जाऊन आली आणि बीएमसीला तिथे लिंक दिसली नाही, की बीएमसी तुमच्या प्रॉडक्शन नेटवर्कवर येऊन बसते, डीएचसीपीने आयपीसुद्धा घेते. त्यामुळे बायोसमधे किंवा बीएमसीच्या वेबपेजवर जाऊन तो मोड फेलओव्हरवरून डेडिकेटेड करा, आणि करूनही रुमाल काढू नका, दोन पोर्ट अडवून ठेवायला काही खर्च येत नाही.

आमच्या त्या ३२ नोडवर एक्सआयनेटडीचे दोन खोटे सर्व्हिस टाकले त्या रात्रीनंतर तो प्रोग्रॅम पुन्हा अडकला नाही. तीन महिन्यांनी मात्र एका नवीन मुलाने मशीन हार्डन, म्हणजे सुरक्षेसाठी बंदोबस्त, करताना "हे ६२३ वर काय उगाच ऐकतंय" म्हणून ते दोन्ही बंद केले आणि आठव्या दिवशी एक नोड लटकला. चूक त्याची नव्हती, आम्ही फाइलमधे कारणच लिहिलं नव्हतं. आता प्रत्येक ठिकाणी त्या ओळींच्या वर मराठीत कॉमेंट असते, 'काढू नये, बीएमसी पॅकेट खाते'.